तळटीप १२ : ‘पेटीतली वाळू’
पेटी म्हणजे ‘शिअर बॉक्स’, मातीचा सरकण्याला होणारा विरोध मोजण्याचे उपकरण. नाशिकच्या दिंडोरी रस्त्यावरील ‘मेरी’ ही संस्था अशाच माती-परीक्षणासाठी ओळखली जाते. दिंडोरी तालुक्यातील करंजवण, वाघाड यांसारख्या मातीच्या धरणांचा उतार किती ठेवावा, हे अशा चाचण्यांवरून ठरवता येते. पेटीचे दोन भाग असतात. वरून भार देऊन एक भाग आडवा सरकवतात. भार वाढला की सरकण्याला होणारा विरोधही वाढतो, हा कूलाँचा नियम (१७७६). लेखक म्हणतो, ‘वाळू दबली’. सैल वाळू दबते खरी. घट्ट ठासलेली मात्र फुगते, कारण दाण्याला शेजारच्या दाण्यावर चढावे लागते. रेनॉल्ड्सने हे १८८५ मध्ये दाखवले. समुद्रकाठी पावलाभोवतीची ओली वाळू क्षणभर कोरडी दिसते, ती यामुळेच: वाळू फुगली की दाण्यांमधली जागा वाढते आणि वरचे पाणी आत उतरते. — संपा.