उधळ्या पुत्राचा दृष्टान्त आणि तबकडीवरील खरखर

लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राचा दृष्टान्त आपण सर्वांनी अनेकवार ऐकला आहे व सांगितलाही आहे. परंतु हाच दृष्टान्त सुमारे शंभर वर्षांपूर्वी या देशातील कित्येक भाषांत व बोलींत ग्रामोफोनच्या तबकड्यांवर मुद्रित करण्यात आला होता, ही गोष्ट आपल्यापैकी थोड्यांसच ठाऊक असेल.

सर जॉर्ज ग्रियर्सन (1851–1941) यांच्या देखरेखीखाली झालेल्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचे खंड 1903 ते 1928 या काळात प्रसिद्ध झाले. मराठीचा सातवा खंड स्टेन कोनो यांनी सिद्ध केला व तो 1905 साली निघाला. प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून ग्रियर्सन यांनी हाच दृष्टान्त निवडला. त्यात तिन्ही पुरुषांची सर्वनामे, बहुतेक विभक्ती आणि क्रियापदाचे तिन्ही काळ सहज येतात, हे त्याचे कारण. निवडीमागे धर्मप्रसाराचा हेतू नव्हता. उलट हिंदी लोकांच्या भावना दुखावू नयेत म्हणून मूळ शब्दांत थोडा फेरफारही करण्यात आला. छापील नमुन्यांत उच्चार ऐकू येत नाही, म्हणून पुढे 1913 ते 1929 या काळात तबकड्या तयार झाल्या. सत्त्याण्णव भाषा व बोलींतील 242 ध्वनिमुद्रणे आज लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात आहेत, आणि शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई संग्रहाद्वारे ती कोणासही ऐकता येतात.

ऐकावयास बसले की प्रथम कानी पडते ती खरखर. तबकडीच्या लाखेत मुळातच कठीण भुकटी मिसळलेली असे. पोलादी सुईला आपल्या आकाराची करून घेणे हे त्या भुकटीचे काम. म्हणजे खरखर काळाने आणलेली नव्हे, ती जन्मापासूनची. काळाने तीत भर घातली ती चऱ्यांची, धुळीची व झिजेची. तबकडी स्वच्छ करणाऱ्याने ती सौम्य साबणाच्या पाण्याने धुवावी, अल्कोहोल मात्र लावू नये, कारण लाख त्यात विरघळते. पुढे सुईचा आकार निरनिराळा घेऊन खाचेची न झिजलेली बाजू शोधावी, फिरण्याची गती नेमकी ठरवावी. तबकडीवर 78 फेरे छापलेले असले तरी जुन्या काळी ती गती सर्वत्र पाळली जात नसे, आणि गती चुकली की वक्त्याचा आवाजच बदलतो. आमच्या मते पुनरुद्धाराचे अर्धे श्रेय या हातकामास द्यावयास हवे. संगणक येतो तो यानंतर.

संगणकाने जुनी गाणी उजळण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न अमेरिकेत टॉमस स्टॉकहॅम यांनी केला. कारुसोच्या तबकड्यांवरील त्यांचे काम 1976 साली प्रकाशात आले. टकटक काढण्याची रीत अशी की जेथे ओरखडा आहे तो सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाएवढा तुकडा काढून टाकावयाचा आणि आजूबाजूच्या ध्वनीवरून अंदाज बांधून ती जागा भरावयाची. जागा इतकी लहान असते की कानास शंका येत नाही.

येथे पाठचिकित्सा शिकलेल्या वाचकास काही आठवेल. याच अध्यायाच्या एकोणिसाव्या वचनात पुत्र पित्यासमोर काय बोलावयाचे ते मनाशी योजतो. एकविसाव्यात तो बोलू लागतो, पण मजुराची जागा मागण्याचे शेवटचे वाक्य त्याच्या तोंडून निघत नाही. पिता त्याआधीच दासांस आज्ञा करतो. सिनाई व व्हॅटिकन ही दोन्ही प्राचीन हस्तलिखिते मात्र ते वाक्य एकविसाव्या वचनातही देतात. नक्कल करणाऱ्यास तेथे काही गळले आहे असे वाटले असावे व त्याने शेजारच्या वचनावरून ते भरून काढले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. भरणी निर्दोष आहे, शब्दही शुभवर्तमानातलेच आहेत. फक्त पित्याने पुत्राचे बोलणे मध्येच तोडले, हे नाहीसे झाले.

टकटक काढण्यात हा धोका अल्प आहे. खरखर काढण्यात तो मोठा, आणि मराठीत विशेषच. ‘चरण’ व ‘चरणे’ यांतील च एकाच अक्षराने लिहितो, पण पहिला तालव्य आणि दुसरा दन्ततालव्य. हा भेद ज्या घर्षणाने कळतो ते ध्वनीच्या उंच पट्ट्यात असते. 1925 साली विजेचे मुद्रण आले. त्यापूर्वी कर्ण्यात बोलून घेतलेल्या तबकड्यांवर सेकंदास दोन-अडीच हजार कंपनांच्या वर साधारणतः फारसे उमटत नसे. जे उरले ते खरखरीतच मिसळलेले. खरखर सरसकट पुसली की डुकरे चारण्याच्या प्रसंगातील ‘चारणे’ कोणत्या च-ने उच्चारले, हे सांगता येणार नाही. मुळात जे उमटलेच नाही ते तर कोणतेही यंत्र परत आणू शकत नाही. आणले तर ते यंत्राचे बोलणे. म्हणूनच ध्वनि-अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा दंडक असा की पहिली नक्कल काहीही न पुसता, उच्च दर्जाची करून ठेवावी आणि स्वच्छता दुसऱ्या प्रतीवर करावी.

आम्ही नामपल्लीत राहतो, म्हणून एक गोष्ट सांगणे भाग आहे. ग्रियर्सन यांच्या सर्वेक्षणाच्या कक्षेतून निजामाचे हैदराबाद संस्थान वगळलेले होते. मद्रास इलाखा व म्हैसूरही तसेच. मराठवाड्याचे पाच जिल्हे 1956 पर्यंत याच राज्यात होते. तेथून येऊन या शहरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची बोली, तिच्यात मुरलेली दखनी व तेलुगू, ही कोणी घरात ध्वनिमुद्रित केली असेल तरच ऐकू येईल. असे मुद्रण बहुधा कॅसेटवर असते: एखाद्या वृद्ध धर्मशिक्षकाचे कीर्तन, नाताळची गाणी, आजीची प्रार्थना. अलीकडे एका कुटुंबाने अशी कॅसेट स्वच्छ करवून आणली. पंखा गेला, रस्त्यावरचा गोंगाट गेला, आणि कीर्तनकार दोन ओळींच्या मध्ये घेत असलेला श्वासही गेला. मूळ कॅसेट दुकानदाराने परत दिली होती, हे सुदैव. ती दुसऱ्या यंत्रावर, हेडचा कोन नीट जुळवून वाजविली तेव्हा दबलेले स, श पुष्कळसे आपोआप उघडले. काही पुसावे लागले नाही. वेष्टनावर नाव नव्हते, गाव नव्हते, वर्षही नव्हते. घरातील सर्वांत वयस्क बाईंनी आवाज ओळखला व तिन्ही गोष्टी सांगितल्या. त्या आता वेष्टनावर शाईने लिहिल्या आहेत.