कुंभकर्णाची कैफियत

घरात कोणी अवेळी डुलक्या घेऊ लागला, की आपण त्याला कुंभकर्ण म्हणून मोकळे होतो. कुंभकर्णाच्या झोपेला निदान ब्रह्मदेवाच्या वराचे निमित्त होते. पण ज्यांना भरदिवसा, बोलता बोलता, जेवता जेवता झोप गाठते, त्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या आळशीपणाचा शिक्का तेवढा आला. तो शिक्का किती अन्यायाचा आहे हे ज्यांच्या संशोधनाने दाखवून दिले, त्या एमान्युएल मिन्यो या फ्रेंच शास्त्रज्ञाची हकीगत वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

या व्याधीला ‘नार्कोलेप्सी’ हे नाव १८८० साली जेलिनो या फ्रेंच डॉक्टरांनी दिले. तिचे दुसरे लक्षण तर अधिकच विलक्षण. रोगी खदखदून हसला, की त्याच्या गुडघ्यांतले बळ जाते आणि पूर्ण शुद्धीत असतानाच तो खाली कोसळतो. म्हणजे हसण्याचीही चोरी! व्याधीला नाव मिळाले. कारण मात्र शंभरांहून अधिक वर्षे मिळाले नाही.

१९८६ साली तरुण मिन्यो अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात आले, ते मोडॅफिनिल या जागे ठेवणाऱ्या फ्रेंच औषधाचा अभ्यास करण्यासाठी. तेथे विल्यम डिमेंट यांनी याच व्याधीची डॉबरमन कुत्री सांभाळली होती. आवडता खाऊ पुढे ठेवला, की ती बिचारी शेपूट हलवीत धावत आणि आनंदाच्या भरात वाटेतच जमिनीवर पडत. औषधाने जाग येते खरी. पण मुळात बिघडले आहे काय? या प्रश्नाने मिन्यो यांना पछाडले. कुत्र्यांच्या जनुकांचा धड नकाशाही नसताना त्यांनी सदोष जनुकाचा माग काढायला घेतला. त्यात सुमारे दहा वर्षे गेली.

१९९९ साली ते जनुक सापडले. आदल्याच वर्षी मेंदूतील एका रसायनाचा शोध लागला होता. त्याला कोणी हायपोक्रेटिन म्हणतात, कोणी ओरेक्सिन. हे रसायन म्हणजे जागेपणाची किल्ली. कुत्र्यांमध्ये ती किल्ली होती, पण कुलूपच बिघडलेले होते. त्याच वर्षी अमेरिकेतच टेक्सासमध्ये मासाशी यानागिसावा यांना किल्लीच नसलेल्या उंदरांत हीच व्याधी आढळली. २००० साली मानवी रोग्यांचे कोडे उलगडले. अब्जावधी पेशींच्या मेंदूत ही किल्ली घडविणाऱ्या पेशी अवघ्या ७०,०००च्या आसपास. रोग्यांत त्या जवळजवळ नाहीशा झालेल्या! शरीराचे पहारेकरीच त्यांचा घात करीत असावेत, असे पुरावे सांगतात.

याच शोधाचा लाभ झोप न येणाऱ्यांनाही झाला. जुन्या गोळ्या साऱ्या मेंदूलाच गुंगी आणीत. आता तर्क उलटा चालला: जागेपणाची किल्ली घडीभर अडवली तर? त्यातून निघालेल्या सुवोरेक्सान्ट या औषधाला २०१४ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. मिन्यो व यानागिसावा यांना २०२३चा ‘ब्रेकथ्रू’ पुरस्कार लाभला. मिन्यो यांनी आपल्या घरीही ‘बेअर’ नावाचे याच व्याधीचे कुत्रे प्रेमाने पाळले होते.

माझा पेशा शिक्षकाचा. शाळांतून छडी गेली. ‘आळशी’ हा शब्द मात्र गेला नाही. ही व्याधी पुष्कळदा शाळेच्या वयातच डोके वर काढते आणि निदान व्हायला वर्षे लागतात. म्हणून रात्रीची झोप पुरी होऊनही जे पोर रोज बाकावर मान टाकते, हसता हसता ज्याचे गुडघे लटपटतात, त्याला बोल लावण्याआधी डॉक्टरांकडे न्यावे, एवढेच सांगणे.