संकटकाळ आणि शिवाजी महाराजांची जडणघडण (राजगड पर्व)

राजगड पर्व हा छत्रपती शिवाजी महाराजांच्या (१६३०–१६८०) आयुष्यातील सुमारे पंचवीस वर्षांचा कालखंड होय. या काळात स्वराज्याचा कारभार मुख्यतः पुणे जिल्ह्यातील राजगडावरून चालत असे. तोरणा, प्रतापगड, लाल महाल या विजयांसाठी हा काळ ओळखला जातो. मात्र महाराजांच्या राजकारणाला वळण देणारे अनेक निर्णय वडिलांची कैद, घरातील मृत्यू, मानहानीकारक तह आणि नजरकैद यांच्या छायेत घेतले गेले.

== स्थान ==
मुरुंबदेवाच्या डोंगरावर उभारलेल्या या किल्ल्याला पद्मावती, सुवेळा व संजीवनी अशा तीन माच्या आणि एक बालेकिल्ला आहे. पायथ्याचे पाली (पाल) हे गाव तत्कालीन राजमार्गावर होते. येथून पाली दरवाजाकडे जाणारी वाट गडाच्या इतर वाटांच्या मानाने रुंद व पायऱ्यांची आहे. (रायगड जिल्ह्यातील बल्लाळेश्वराचे पाली हे गाव वेगळे.)

== शहाजीराजांची अटक ==
जुलै १६४८ मध्ये जिंजीजवळ आदिलशाही सरदार मुस्तफाखानाने शहाजीराजांना कैद केले. त्या वेळी शिवाजी महाराज अठरा वर्षांचे होते. त्यांनी दख्खनचा मोगल सुभेदार शहजादा मुरादबक्ष याच्याशी पत्रव्यवहार करून विजापूरवर दबाव आणला. तरीही मे १६४९ मध्ये झालेल्या सुटकेच्या मोबदल्यात कोंढाणा आदिलशाहीला परत द्यावा लागला. त्यानंतर १६५६ च्या जावळी मोहिमेपर्यंत त्यांनी मोठा संघर्ष टाळलेला दिसतो. एका सत्तेविरुद्ध दुसरीचा आधार घेणे आणि किल्ला देऊन वेळ मिळवणे, ही पुढे वारंवार दिसणारी पद्धत या प्रसंगी प्रथम स्पष्ट होते.

== १६५९ ==
अफझलखान चालून येत असतानाच ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर महाराणी सईबाईंचे निधन झाले. पुत्र संभाजी तेव्हा जेमतेम सव्वादोन वर्षांचे होते. महाराज जुलैपासून प्रतापगडाच्या परिसरात होते. खानाचा वध १० नोव्हेंबरला झाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पन्हाळा घेण्यात आला. पत्नीच्या मृत्यूनंतरच्या महाराजांच्या मनःस्थितीची वर्णने कादंबऱ्या व नाटकांत विपुल आढळतात. त्यांना समकालीन कागदपत्रांचा आधार मात्र नाही. गडावरील पद्मावती मंदिरासमोरची समाधी सईबाईंची मानली जाते.

== पुरंदरचा तह ==
या पर्वातील सर्वांत मोठा धक्का १६६५ मध्ये बसला. मिर्झाराजा जयसिंग आणि दिलेरखान यांनी मार्चअखेर पुरंदरला वेढा घातला आणि किल्ला लढवताना मुरारबाजी देशपांडे धारातीर्थी पडले. वेढा चालू असताना जयसिंगाने दाऊदखान कुरेशीला मुलूख उद्ध्वस्त करण्यासाठी पाठवले. रोहिड्याच्या आसपासची सुमारे ५० गावे जाळली गेली आणि मोगल फौज राजगडाच्या पायथ्याच्या खोऱ्यांतही शिरली. गड अजिंक्य राहिला, पण त्याखालची शेती आणि घरे वाचली नाहीत. या मोहिमेच्या हकिकतीत किल्ल्यांची संख्या ठळकपणे सांगितली जाते, रयतेची ही झळ मात्र सहसा एका वाक्यात उरकली जाते. महाराजांनी लढाई लांबवण्याऐवजी जून १६६५ मध्ये तह स्वीकारला, त्यामागे मुलखाची ही स्थिती हेही एक कारण मानता येते.

तहानुसार २३ किल्ले व चार लाख होनांचा मुलूख मोगलांना द्यावा लागला. राजगड, तोरणा यांसह १२ किल्ले आणि एक लाख होनांचा मुलूख महाराजांकडे उरला.

== आग्रा आणि नंतरची तीन वर्षे ==
मार्च १६६६ मध्ये महाराज संभाजीराजांसह राजगडाहून आग्र्याला निघाले. १२ मे रोजीच्या दरबारातील अवमानानंतर त्यांच्यावर पहारा बसला आणि १७ ऑगस्टला ते निसटले. राजगडावर ते सप्टेंबरमध्ये पोहोचले की नोव्हेंबरमध्ये, याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. त्यांच्या गैरहजेरीत राज्याची देखरेख जिजाबाईंकडे होती.

सुटकेचा थरार लोकप्रिय आहे, पण जडणघडणीच्या दृष्टीने त्यानंतरची वर्षे अधिक महत्त्वाची ठरतात. परतल्यावर महाराजांनी लगेच सूड घेतला नाही. १६६९ पर्यंत मोगलांशी तह टिकवून त्यांनी महसूल व लष्करी व्यवस्थेची घडी बसवली. ४ फेब्रुवारी १६७० रोजी तानाजी मालुसरे यांच्या बलिदानाने कोंढाणा परत मिळाला आणि मार्चमध्ये पुरंदरही घेण्यात आला. दरम्यान २४ फेब्रुवारीला राजगडावर राजारामांचा जन्म झाला.

== ॲनिमेशनमधील चित्रण ==
महाराजांच्या चरित्रावर ‘प्रभो शिवाजी राजा’ (२०१८) हा मराठी ॲनिमेशनपट निघाला. एकाच चित्रपटात संपूर्ण आयुष्य बसवायचे असल्यास तह आणि प्रतीक्षेची वर्षे यांना कमी वाव मिळतो. दीर्घ मालिकांना ही अडचण नसते. ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ (२००५–२००८) या अमेरिकी मालिकेत वडिलांनी हद्दपार केलेल्या झुको या राजपुत्राच्या चुका, अपयश व परिवर्तन तीन पर्वांत उलगडते. राजगड पर्वातील १६६५ ते १६७० हा टप्पा अशाच मालिकेच्या लांबीचा आहे.

१६७० नंतरच्या काळात राजधानी रायगडावर हलवण्यात आली आणि ६ जून १६७४ रोजी तेथेच राज्याभिषेक झाला.