हिरव्यातून पिवळ्यात: खानदेशातील वस्तीवाढ आणि परवानगीचा इतिहास

1819 साली कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळ्याला खानदेशचे मुख्य ठाणे केले, तेव्हा गावात 401 घरे आणि अडीच हजारांच्या आसपास माणसे होती. वस्ती वाढावी ही सरकारचीच निकड होती. नव्या पेठेत घरांसाठी जागा कायमची बिनभाड्याने मिळाली आणि बांधकामासाठी आगाऊ रकमाही दिल्या गेल्या. जमीनमालकाने दाट वस्तीची परवानगी मागावी आणि गावाने ती तपासावी, अशी वेळच तेव्हा आलेली नव्हती.

परवानगीची पहिली अट आली ती महसुलाच्या वाटेने. 1879 च्या मुंबई जमीन महसूल कायद्यातील 65 व्या कलमानुसार शेतजमिनीचा अन्य वापर करण्यास कलेक्टरची मंजुरी लागू लागली. तीन महिन्यांत उत्तर न आल्यास मंजुरी मिळाली असे धरले जाई. मुख्य प्रश्न आकारणी किती वाढवायची हा होता. रस्ता, पाणी, गटार यांचा हिशोब त्या कागदात जवळजवळ नव्हता.

वस्तीच्या आखणीचा विचार करणारा मुंबई नगररचना कायदा 1915 चा, देशातला अशा प्रकारचा पहिला. 1954 च्या कायद्याने नगरपालिकांना विकास योजना करण्यास भाग पाडले. त्याची जागा घेणारा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 आजही लागू आहे. योजनेच्या नकाशात रहिवासी पट्टा पिवळा, शेतीचा हिरवा. गावठाणाला लागून असलेला गट नंबर हिरव्यात राहिला की मालकाचा अर्ज येतोच, कारण पिवळ्यात गेलेल्या जमिनीचा भाव वेगळाच असतो.

प्रारूप योजना प्रसिद्ध झाल्यावर हरकती-सूचनांची मुदत असते. योजना मंजूर झाल्यावर मात्र कलम 37 चा फेरबदल हाच मुख्य रस्ता. सर्वसाधारण सभेचा ठराव, राजपत्रात सूचना, महिनाभर हरकती, सुनावणी आणि मग प्रस्ताव शासनाकडे. फेरबदलाने योजनेचे मूळ स्वरूप बदलता कामा नये, ही अट आहे. नगरपरिषद शिफारस करते, अंतिम निर्णय राज्य शासनाचा. या कायद्याचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे ही जाहीर सुनावणी: शेजारच्या शेतकऱ्याला आपल्या वहिवाटीच्या वाटेबद्दल किंवा विहिरीबद्दल बोलायला हक्काची जागा तिथेच मिळते.

पण हा मार्ग लांब आहे. उत्तर येईपर्यंत थांबणे परवडत नाही म्हणून शहरांच्या कडेला गुंठ्यागुंठ्याने प्लॉट पाडून विकले गेले. ना रुंद रस्ता, ना मोकळी जागा, फक्त खरेदीखत. कपाशीच्या काळ्या जमिनीवर असे प्लॉट पडले की नुकसान दुहेरी होते: सुपीक शेत जाते, आणि पावसात फुगून उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या मातीवर पुरेसा पाया न घेता बांधलेल्या घरांच्या भिंतींना तडे जातात. अशी गुंठेवारी नियमित करण्यासाठी 2001 मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. त्यात आधी 1 जानेवारी 2001 पर्यंतची बांधकामे धरली होती. 2021 च्या दुरुस्तीने ती मर्यादा 31 डिसेंबर 2020 पर्यंत आणली. घर घेऊन बसलेल्या सामान्य कुटुंबांना त्याने दिलासा मिळाला, पण अरुंद राहिलेला रस्ता शुल्क भरून रुंद होत नाही.

2017 मध्ये महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत घातलेल्या 42 ब, क आणि ड या कलमांनी बिनशेतीची स्वतंत्र परवानगी बरीच सुटसुटीत केली. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरपर्यंतच्या जमिनीलाही त्याचा लाभ मिळाला. त्यानंतर 2 डिसेंबर 2020 रोजी मंजूर झालेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली मुंबईसारखे मोजके अपवाद वगळता सर्व राज्याला लागू झाली. खानदेशातील कांग नदीकाठचे जामनेर शहरही तिच्याच कक्षेत येते. दाट गावठाणाबाहेर मूळ चटई क्षेत्र निर्देशांक 1.10, म्हणजे 100 चौरस मीटर प्लॉटवर 110 चौरस मीटर बांधकाम. त्यापुढचे बांधकाम अधिमूल्य किंवा हस्तांतरणीय विकास हक्काच्या बळावर, तेही समोरच्या रस्त्याची रुंदी पाहून. त्यामुळे मालकाची मागणी आता दोन वेगळ्या प्रश्नांत विभागली जाते. हिरव्याचे पिवळे करायचे तर ठराव आणि शासनमंजुरी हवी. पिवळ्यात किती दाट बांधायचे, हे मात्र नियमावलीच्या तक्त्यातून आणि रस्त्याच्या रुंदीवरून ठरते.