न आलेल्या चिपची पत्रिका

परवा दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावरून एक जुनी फाईल खाली आली. आत चाळीसेक पिवळे पडलेले प्रिंटआउट. वर इंग्रजीत नंबर, खाली चौकोन आणि बाण काढलेल्या आकृत्या, समासात माझ्या अक्षरात पेन्सिलीच्या खुणा. धाकटी बहीण शेजारीच स्टुलावर उभी होती. म्हणाली, "दादा, हे काय रे?" मी सांगितलं, "एका कंपनीचं पेटंट." आणि मग उरलेली संध्याकाळ आवराआवर तशीच राहिली.

गोष्ट १९९९ सालची. त्या काळात ज्यांनी संगणकाचा नाद केला त्यांना ट्रान्समेटा हे नाव नक्की आठवेल. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारामधली ही कंपनी १९९५ साली निघाली. डेव्हिड डिट्झेल हे तिचे एक संस्थापक आणि प्रमुख. पॉल ॲलन आणि जॉर्ज सोरोस यांच्यासारख्यांचे पैसे तिच्यात होते. १९९७ साली लिनक्सवाला लिनस टोरवाल्ड्स फिनलंड सोडून तिथं नोकरीला गेला आणि सगळ्या जगाचे कान टवकारले. पण कंपनी काय बनवते हे कुणीच सांगेना! तिच्या वेबसाइटवर गेलं की 'हे पान अजून इथं आलेलं नाही' अशा अर्थाचं एक वाक्य, बाकी कोरं. गुपित ठेवण्याची याहून चांगली जाहिरात मी आजवर पाहिलेली नाही.

पण एक गोष्ट लपवता येत नाही, ती म्हणजे पेटंट. पेटंटाचा सौदाच तसा आहे. सरकार तुम्हाला काही वर्षांचा मक्ता देतं, बदल्यात तुम्ही तुमची युक्ती जगापुढे उघड करून सांगायची. अमेरिकेत त्या वेळी पेटंट मंजूर होईपर्यंत अर्ज गुप्त राहायचा. (नोव्हेंबर २००० नंतरच्या बहुतेक अर्जांना अठरा महिन्यांनी प्रसिद्ध करायचा नियम लागला. आज अफवांची जी पानं चालतात त्यांचा अर्धा दाणापाणी या नियमावर आहे.) ट्रान्समेटाने ऑगस्ट १९९६ मध्ये केलेला एक अर्ज नोव्हेंबर १९९८ मध्ये मंजूर झाला, आणि कोऱ्या पानामागे काय चाललंय ते लोकांना पहिल्यांदा दिसलं.

मी ते पेटंट स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत वाचलं. तासाला चाळीस रुपये, प्रिंटचे वेगळे. शीर्षक इतकं लांब आणि रुक्ष की कुणी दुसऱ्या ओळीपर्यंत जाऊ नये. पण आत सगळा खजिना होता. इंटेलच्या चिपसाठी लिहिलेले प्रोग्रॅम एका अगदी वेगळ्या, साध्या चिपवर चालवायचे. मध्ये सॉफ्टवेअरचा एक दुभाषी बसवायचा. तो इंटेलच्या भाषेतल्या सूचना वाचणार, आपल्या चिपच्या भाषेत उतरवणार आणि केलेलं भाषांतर जपून ठेवणार, म्हणजे तोच भाग पुन्हा आला की पुन्हा कष्ट नकोत. जास्त वेग मिळावा म्हणून दुभाष्याने काही गोष्टी बिनधास्त गृहीत धरायच्या. गृहीत चुकलं तर? त्यासाठी चिपमध्येच सोय होती. लिहायचं ते आधी बाजूला साठवायचं, सगळं बरोबर निघालं तरच खऱ्या मेमरीत टाकायचं, नाहीतर मागे फिरून पुन्हा सावकाश करायचं.

बाबा सहकारी बँकेत कर्ज विभागात होते. त्यांना मी हे रात्री जेवताना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे आधी कच्ची वही, मग पक्की वही." बरोब्बर तेच! चार पानांत मला जे जमलं नव्हतं ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

आता खरा मुद्दा. त्या उन्हाळ्यात बाबांनी घरी कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं होतं. पैसे बाजूला काढून ठेवले होते. बहीण सिव्हिलच्या डिप्लोमाला लागली होती, तिला ड्रॉइंगच्या सरावासाठी मशीन हवं होतं. लॅमिंग्टन रोडवरचा एक माणूस जुळवून द्यायला तयार होता. आणि मी, घरातला तज्ज्ञ, म्हणालो, "थांबा. वर्षभरात सगळं स्वस्त आणि दुप्पट वेगाचं होणार आहे. लिहिलंय इथं." कागद दाखवले. बाबांनी चष्मा लावून पहिलं पान पाहिलं आणि म्हणाले, "अर्ज आला म्हणजे गिरणी चालली असं नसतं रे." पण थांबले. मुलगा शिकलेला, त्याला कळतं असं त्यांना वाटलं.

१९ जानेवारी २००० रोजी कॅलिफोर्नियातच साराटोगा इथं ट्रान्समेटाने आपली चिप जगाला दाखवली. नाव क्रूसो. मी त्या रात्री झोपलो नाही. पेटंटात वाचलेलं जवळजवळ सगळं खरं निघालं: दुभाषी होता, जपून ठेवलेली भाषांतरं होती, मागे फिरायची सोय होती. फक्त एक गोष्ट वेगळी होती. पेटंटात भर होता तो वेगावर आणि कमी खर्चावर. व्यासपीठावर मात्र भर होता बॅटरीवर! ही चिप वीज कमी खाते, गरजेप्रमाणे स्वतःचा वेग आणि व्होल्टेज कमीजास्त करते, म्हणून लॅपटॉपसाठी उत्तम, असं सांगितलं गेलं. मधल्या तीन-साडेतीन वर्षांत इंटेल आणि एएमडीच्या चिपा वेगात कुठल्या कुठे गेल्या होत्या. त्या शर्यतीचा उल्लेख टाळण्यातच अर्थ होता. पण हे मला आज कळतंय. तेव्हा मी बाबांना म्हणालो, "बघा, मी सांगितलं होतं! आता फक्त मशीनं बाजारात यायची वाट बघायची."

पुढचं बहुतेकांना माहीत असेल. सोनीने एका छोट्या लॅपटॉपमध्ये क्रूसो घातली, फुजित्सूसारख्या आणखी काही जपानी कंपन्यांनीही घेतली. आयबीएम ही चिप बनवून देत होती, पण आपल्या लॅपटॉपमध्ये ती घालायचा बेत त्यांनी २००० च्या शरद ऋतूत सोडून दिला. काही दिवसांतच, ७ नोव्हेंबरला, ट्रान्समेटाचे शेअर बाजारात आले, २१ डॉलरचा शेअर पहिल्याच दिवशी दुपटीवर गेला, आणि पुढे घसरतच राहिला. दुभाष्याचा वेळ शेवटी आपल्याच खिशातून जातो, त्यामुळे चिप अपेक्षेइतकी चपळ वाटत नव्हती. तिकडे इंटेलही कमी विजेच्या चिपा काढू लागली. २००३ मध्ये टोरवाल्ड्स बाहेर पडला. २००५ मध्ये कंपनीने चिपा विकण्याचा धंदा जवळजवळ गुंडाळला.

आणि मग उरलं काय? पेटंटं! २००६ मध्ये ट्रान्समेटाने इंटेलवर पेटंटांचा दावा लावला, २००७ मध्ये तडजोड झाली: १५ कोटी डॉलर लगेच आणि पुढे पाच वर्षं दर वर्षी २ कोटी. २००९ मध्ये कंपनी विकली गेली आणि पेटंटं इंटलेक्च्युअल व्हेंचर्सकडे गेली. जिची जगाला पहिली ओळख पेटंटातून झाली, तिच्यामागे शेवटी पेटंटंच राहिली.

ट्रेडमार्कचंही थोडंफार असंच. पेटंटात यंत्र कळतं, ट्रेडमार्कात बारसं कळतं. २००६ मध्ये ओशन टेलिकॉम सर्व्हिसेस नावाच्या कुणालाही माहीत नसलेल्या कंपनीने 'आयफोन' या नावासाठी अमेरिकेत अर्ज केला. लोकांनी ओळखलं की मागे ॲपल आहे, आणि जानेवारी २००७ मध्ये ते खरं ठरलं. पण २००९ च्या शेवटी त्याच पद्धतीने 'आयस्लेट' हे नाव शोधून काढलं, तर महिन्याभरात आला आयपॅड. २०२२ मध्ये 'रिॲलिटी प्रो' अशा नावांचे अर्ज सापडले, आणि जून २०२३ मध्ये आला व्हिजन प्रो. वस्तू बरोबर ओळखली, नाव चुकलं. मुळात अर्ज नावं अडवून ठेवायलाही करतात आणि प्रतिस्पर्ध्याला चकवायलाही करता येतो.

मला वाटतं पेटंट म्हणजे पत्रिका. जन्मवेळ बरोबर असते, ग्रह बरोबर मांडलेले असतात. त्या दिवशी त्या माणसांच्या मनात काय होतं हे त्यातून अगदी स्वच्छ दिसतं. पण संसार कसा होईल हे त्यात नसतं. बाजार, प्रतिस्पर्धी, कारखान्यातल्या अडचणी यांतलं काहीही तिथं लिहिलेलं नसतं. मी मात्र १९९९ मध्ये 'हे शक्य आहे' असं लिहिलेलं वाचलं आणि 'हे आपल्या घरी येणार' असं ऐकलं.

कल्पना तशी वाया गेली नाही. २०१४ मधल्या एनव्हिडियाच्या डेन्व्हर चिपमध्ये तीच जातकुळी दिसते. २०२० मध्ये ॲपलने इंटेल सोडलं तेव्हा जुने प्रोग्रॅम नव्या चिपवर चालवायला दुभाषीच बसवला. माझ्या भाच्याच्या लॅपटॉपवर तो आहे, आणि त्याला पत्ताही नाही.

आमच्या घरी पहिलं मशीन आलं जून २००१ मध्ये. लॅमिंग्टन रोडच्याच त्या माणसाने जुळवलेलं, आत इंटेलचं सेलेरॉन :) तोवर बहिणीची दोन वर्षं संपली होती. ती सरावासाठी आठवड्यातून तीनदा ठाकुर्लीला मैत्रिणीकडे जायची, रात्री साडेनवाच्या लोकलने परत यायची. बाबा स्टेशनवर उभे असायचे. दोघांपैकी कुणीही मला कधी काही बोललं नाही.

परवा मी हे सगळं रंगवून सांगितलं. पेटंट, कच्ची वही, साराटोगा, सगळं. तिने कागद चाळले, पेन्सिलीच्या खुणा पाहिल्या आणि हसून म्हणाली, "म्हणजे या चिपसाठी मी ठाकुर्लीला जात होते होय!"

बाबा असते तर म्हणाले असते, अर्ज तर चांगला होता.

फाईल पुन्हा माळ्यावर ठेवली आहे. भाच्याला नवा लॅपटॉप हवाय. पुढच्या वर्षी फार भारी चिप येणार आहे असं मी कुठेतरी वाचलंय, पण या वेळी गप्प बसलोय. येत्या रविवारी दुकानात जाऊन जो असेल तो घेऊन येणार आहोत.