पाण्याबाहेरची बोट

परवा अण्णांचा फोन आला. "हायवेवरचा तो धाबेवाला आपली जुनी गाडी मागायलाय. दारात शोभेला ठेवतो म्हणतोय. देऊ का?"

गाडी म्हणजे बैलगाडी. आमच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला टायरची गाडी असते. ही त्याच्या आधीची, लाकडी चाकांची. बैल विकले तेव्हापासून ती गोठ्यामागं उभी आहे. "थांबा, उद्या सांगतो," म्हणालो आणि शनिवारभर भलतंच वाचत बसलो. एका शिडाच्या बोटीचा इतिहास! आता बैलगाडीचा आणि बोटीचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. आहे मंडळी, जरा धीर धरा.

बोटीचं नाव सुहैली. जन्म मुंबईचा, कुलाब्याचा. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण इंग्रज 'ब्रिटिश इंडिया' या जहाज कंपनीत अधिकारी होता. इराणच्या आखातात दक्षिण-पूर्वेकडून येणाऱ्या वाऱ्याला अरब खलाशी सुहैली म्हणत, तेच नाव त्यानं बोटीला दिलं. आराखडा जुन्या वळणाचा, लाकूड सागवान, लांबी जेमतेम 32 फूट. बांधणारे आपल्याकडचेच सुतार, आणि हत्यारं कुठली, तर वाकस आणि दोरी-कमानीनं फिरवायचं गिरमिट. डिसेंबर 1964 मध्ये ती पाण्यात उतरली. पुढच्या वर्षी डिसेंबरात तो भावाला आणि एका मित्राला घेऊन मुंबईहून निघाला. दक्षिण आफ्रिकेत पैसे संपले, तिथं थांबून कमाई केली, आणि 1967 साली बोट इंग्लंडला पोचली.

इथं गंमत आहे. ज्या बोटीनं त्याला घरी आणलं, तीच त्यानं विकायला काढली! एकट्यानं, कुठंही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायचं त्याच्या डोक्यात होतं. त्यासाठी त्याला मोठी, नव्या बांधणीची बोट हवी होती. पण तेवढा पैसा काही उभा राहिला नाही. शेवटी नाइलाजानं म्हणा, घरची म्हणून म्हणा, सुहैलीच घेऊन तो 14 जून 1968 ला फालमथहून निघाला.

'संडे टाइम्स'नं लावलेल्या त्या शर्यतीत एकूण नऊ जण उतरले. सुहैली त्यातली वेगवान बोट नव्हतीच. अटलांटिकमध्येच ती गळायला लागली. तळाच्या फळ्यांमधली फट उघडली होती. यानं काय करावं? भर समुद्रात बोटीखाली बुडी मारून त्या फटीत कापूस ठासला, वरून तांब्याची पट्टी ठोकली. पुढं रेडिओ बंद पडला, आपोआप सुकाणू धरणारी यंत्रणा मोडली, कित्येक महिने जगाला त्याचा पत्ता नव्हता. पण 22 एप्रिल 1969 ला, 312 दिवसांनी, सुहैली फालमथला परत आली. नऊ जणांपैकी शर्यत पूर्ण करणारा तो एकटाच, आणि एकट्यानं न थांबता जगाला फेरी मारणारा पहिला माणूसही तोच. बक्षिसाचे 5,000 पौंड त्यानं शर्यतीत जीव गमावलेल्या डोनाल्ड क्रोहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले.

पुढची पंचवीस-तीस वर्षं बोट त्याच्याकडेच राहिली. तिच्यातून तो गिर्यारोहक ख्रिस बोनिंग्टनला घेऊन ग्रीनलंडलाही जाऊन आला. मग 1997 च्या सुमारास त्यानं काळजावर दगड ठेवून ती ग्रिनिचच्या नॅशनल मॅरिटाइम म्युझियममध्ये ठेवली. बोटीसाठी याहून चांगलं घर कोणतं? डोक्यावर छप्पर, हवा कोरडी, तापमान नियंत्रित. गंज नाही, कीड नाही, वादळ नाही.

आणि तिथंच ती मरायला लागली.

कारण साधं आहे. लाकूड ओलं झालं की रुंदीत फुगतं, वाळलं की आकसतं. लांबीत मात्र फारसा फरक पडत नाही. लाकडी बोटीच्या फळ्या पाण्यानं फुगून एकमेकींना घट्ट बिलगतात, म्हणून तर ती तरंगते. म्युझियमच्या कोरड्या हवेत सुहैलीच्या फळ्या आकसल्या, सांधे उघडले. दक्षिण महासागराला जे जमलं नाही ते कोरड्या हवेनं करून दाखवलं.

हे वाचलं आणि मला आमची चाकं आठवली. गाडी उन्हाळाभर उभी राहिली की लाकडी घेर वाळून आकसतो, त्यावरची लोखंडी धाव ढिली होते, आरे खुळखुळतात. मग अण्णा चाकं काढून सिंदफणेच्या डोहात टाकायचे. रात्रभर भिजली की चाक पुन्हा टणक. लहानपणी मला वाटायचं, बैलांसारखीच चाकांनाही तहान लागत असणार.

असो. रॉबिननं 2002 साली बोट म्युझियममधून बाहेर काढली. तिला असं मरताना बघणं त्याला शक्य नव्हतं. दुरुस्ती झाली, 2005 साली ती वाइट बेटाभोवतीच्या शर्यतीत उतरली, आणि जून 2018 मध्ये, त्या पहिल्या शर्यतीला पन्नास वर्षं झाली तेव्हा, फालमथच्या पाण्यात पुन्हा शिडं फुलवून उभी होती.

त्याच वर्षी त्या शर्यतीची नवी आवृत्ती झाली. आपल्या नौदलाचा अभिलाष टॉमी सुहैलीच्याच आराखड्यावर गोव्यात बांधलेली 'तुरिया' घेऊन तिच्यात उतरला. सप्टेंबरात हिंदी महासागरातल्या वादळात डोलकाठी मोडली, त्याच्या पाठीला जबर इजा झाली. फ्रेंच जहाजानं त्याला वाचवलं. तुरियाला मात्र समुद्रातच सोडून यावं लागलं. सोडणं असंही असतं, तिथं निवड नसते. आमच्यापुढं निवड होती.

रविवारी सकाळी अण्णांना फोन केला. धाब्यावर गाडीला रंग लागेल, वर कुंड्या ठेवतील, लोक फोटो काढतील. पैसेही बरे मिळत होते, नाही असं नाही. पण डांबराच्या कडेला, उन्हात, दोन-तीन उन्हाळ्यांत तिच्या धावा निखळून पडतील. सुहैलीचं सगळं सांगितलं. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मग काय करावं म्हणतोस?"

"पाटोद्याच्या मामांकडं अजून बैल आहेत ना? त्यांच्या डोंगरातल्या वाटेला टायरची गाडी चालत नाही, असं म्हणत होते."

"पैसे नाही मिळणार."

"माहितीय, अण्णा."

थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "तसं असंल तर मामाला म्हणावं आठ दिवस थांब. आधी चाकं पाण्यात टाकावी लागतील."