सायलॅबच्या आवृत्त्या

शाळेच्या पुस्तकाची नवी आवृत्ति निघाली कीं पालक कुरकुरतात, कारण थोरल्याचें पुस्तक धाकट्यास चालत नाहीं. संगणकावरील गणिती प्रणालींनाही अशाच आवृत्त्या असतात. त्यांचा इतिहास पाहिला म्हणजे विद्येच्या साधनावर हक्क कोणाचा, हा प्रश्न कसा सुटत गेला तें कळतें. आज मी सायलॅब या प्रणालीचा इतिहास सांगणार आहें. तिचा जन्म फ्रान्समधला. पण त्या इतिहासाचें एक प्रकरण आमच्या भाईंदरपासून फार दूर नसलेल्या पवईस लिहिलें गेलें आहे.

सायलॅब समीकरणें सोडविते, आलेख काढते आणि आंकड्यांच्या मोठमोठ्या चौकटींचें, म्हणजे मॅट्रिक्सचें, गणित एका ओळीच्या आज्ञेनें करून देते. या कल्पनेचें मूळ अमेरिकेंत आहे. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस न्यू मेक्सिको विद्यापीठांतील क्लीव्ह मोलर यांनीं मॅटलॅब ही प्रणाली रचिली. फोर्ट्रान भाषेची खटपट न करतां विद्यार्थ्यांस असलीं गणितें करतां यावींत, एवढाच त्यांचा हेतु होता. १९८४ सालीं मॅथवर्क्स ही कंपनी निघाली आणि मॅटलॅब विक्रीची वस्तु झाली.

त्याच दशकांत फ्रान्सच्या इन्रिया या सरकारी संशोधनसंस्थेंत मोलर यांच्या कल्पनेवरून ‘ब्लेझ’ नांवाची प्रणाली तयार झाली. पुढें ‘बॅझील’ या नांवानें तीही विकली जाऊं लागली. ही विक्री थांबल्यावर सहा संशोधकांनीं तिला सायलॅब हें नांव देऊन नवें रूप दिलें, आणि २ जानेवारी १९९४ रोजीं १.१ ही आवृत्ति इंटरनेटवरून विनामूल्य वांटली. तिची आज्ञावली, म्हणजे जिच्या बळावर प्रणाली चालते तो मूळ लेख, कोणासही वाचतां येई. तरी मोकळीक पुरती नव्हती. बदललेली प्रत व्यापारासाठीं वांटण्यावर बंधन होतें. तें बंधन २००८ सालीं सुटलें. त्या वर्षीं ५.० ही आवृत्ति सेसिल या मुक्त परवान्याखालीं निघाली. वापरावें, वाचावें, बदलावें आणि वांटावें, हे चारही हक्क आतां सर्वांचे झाले.

यानंतर पवईचें प्रकरण सुरू होतें. येथील आय. आय. टी.नें केंद्र सरकारच्या साह्यानें फॉसी हा प्रकल्प चालविला. अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत सोडवून दाखविलेलीं उदाहरणें विद्यार्थ्यांनीं सायलॅबच्या भाषेंत लिहावयाचीं, जाणत्यांनीं तपासावयाचीं आणि मग तीं सर्वांस खुलीं करावयाचीं, अशी त्याची एक योजना. लिहिणारांस मानधनही मिळे. प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमांतून सायलॅबचे धडे मराठींतही ऐकावयास मिळाले. ज्या महाविद्यालयास महागडा परवाना परवडत नाहीं, त्यास हा मोठाच आधार होय.

२०१७ सालीं दोन गोष्टी घडल्या. ६.० ही आवृत्ति नव्या गाभ्यासह निघाली. स्मरणशक्तीची जुनी मर्यादा गेली, पण जुन्या आवृत्तीसाठीं लिहिलेल्या कांहीं आज्ञा चालेनाशा झाल्या. त्याच वर्षीं सायलॅब सांभाळणारी कंपनी ईएसआय या दुसऱ्या कंपनीनें विकत घेतली. मालक बदलला. परंतु मुक्त परवान्यानें एकदां बाहेर पडलेली आवृत्ति परत घेतां येत नाहीं, ५.० ची प्रत ज्याच्याजवळ आहे, तिच्यावरील त्याचा हक्क तसाच राहिला. सुधारणेची किंमत म्हणून जुनीं उदाहरणें पुन्हा तपासावीं लागलीं, एवढेंच.

मॅटलॅबचीं उपांगें अधिक संपन्न आहेत आणि मोठ्या उद्योगांत तिचा वापरही अधिक आहे, हें मान्य केलें पाहिजे. मात्र सुशिक्षित घरांतूनही विकाऊ प्रणालीची चोरटी प्रत संगणकावर घालतांना कोणास संकोच वाटत नाहीं. मुक्त साधन हाताशीं असतां मुलास हा पहिला धडा कां द्यावा? सायलॅब घ्यावी, आणि उदाहरण सोडवितांना वहींत उत्तराशेजारीं आवृत्तीचा आंकडा लिहून ठेवावा. दहा वर्षांनीं तें गणित कोणास पडताळून पाहावयाचें झालें, तर तो आंकडा त्याच्या उपयोगीं पडेल.